गुराबेवरचा झेंडा

३ फेब्रु., मंगळवार

...त्या सकाळी नळाला पाणी होतं, पाचव्या दिवशी आलेलं. पिंप भरलं, बादल्या भरल्या, दोन्ही घागरी, शेवटी कुकरचे डबेसुद्धा भरून ठेवले. गॅसवर तवा, भाकरी एका बाजूनं झालेली. ह्यांचं अंथरूण मोरीत भिजत घातलेलं. हे खाटेवर, मांडीवर पाट, पाटावर ग्राफचा कागद. म्हणाले, "अगं, झेंडा कुणीकडं काढू?" मी पाइप ह्या बादलीतून त्या बादलीत टाकत होते. वळूनही न बघता म्हटलं, "मागं. जहाज पुढं चाललंय की. मग झेंडा मागंच उडणार." म्हणाले, "बरं." तेवढ्यात भाकरी करपली. ती मी खाल्ली.

एवढंच. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. आज ग्राफ बाहेर काढला आणि ती सकाळ जशीच्या तशी समोर आली.

काढायचं कारण. दुपारी अंबादास मालक शिलाईच्या टेबलापाशी आले. मी टॉवेलच्या कडा मारत होते. मालकांच्या घरी तेलुगू, मला पहिल्यापासून वदिना म्हणतात, म्हणजे वहिनी. "वदिना, दत्ताअण्णानं लढाऊ जहाजांचे ग्राफ काढलेले, त्यातले चार आपण विणले. पाचवा घरी आहे म्हणत होता. आहे का अजून?"

म्हटलं, आहे.

जिल्ह्यातल्या निवृत्त नौसैनिकांनी सभागृह बांधलंय. भिंतीवर लावायला विणलेली पाच जहाजं पाहिजेत. चारांचे मागावर चढवायचे भोकांचे पत्ते कारखान्यात आहेतच. पाचवी ही, मराठ्यांची गुराब, शिडांचं लढाऊ जहाज. ह्यांनी आजारपणात काढलेली, कधी मागावर न चढलेली. मग मालक म्हणाले, "ह्याच्या कोपऱ्यात अण्णाचं नाव विणू. तीस वर्षं डिझाइन काढली माणसानं, एका चादरीवर नाव नाही."

बरं म्हटलं. पुढची कड वाकडी गेली. उसवून परत मारली.

४ फेब्रु., बुधवार

ग्राफ मालकांना दिला. दोन वर्षं ट्रंकेत होता, घड्यांवर पिवळा पडलाय. बाकी शाबूत. रंग तस्से.

ह्यांनी समुद्र एकदाच पाहिला, लग्नाआधी. मी एकदाही नाही. तरी पाच जहाजं झाली. मी वाचायचे, हे काढायचे. मी सातवी, हे चौथी, पण ह्यांना अक्षरांपेक्षा चौकोन जवळचे. पेन्सिल कानावर ठेवून ऐकत बसायचे आणि मध्येच असं काही विचारायचे की मला परत वाचनालय गाठावं लागायचं. तोफ उडाली की मागं येते, मग तिला धरून कोण ठेवतं? (जाड दोर. जहाजाच्या भिंतीला बांधलेले.) दोन गोळे साखळीनं जोडून का मारतात? (समोरच्याच्या डोलकाठ्या नि दोर तोडायला. माणसं नाही, वारा काढून घ्यायचा त्याचा.)

वाचनालयातल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "तोफांची पुस्तकं सारखी नेता, घरी कुणी मिलिटरीत आहे का?"
"नाही. चादरीत."

पहिलं जहाज वल्ह्यांचं, नाकाला पितळी सुळका, समोरच्याच्या पोटात घुसवायला. दुसरं तीन मजली तोफांचं. तिसरं लोखंडी पत्र्याचं, ज्याच्यावर गोळे आपटून पडायचे. चौथी पाणबुडी. तिच्यात ह्यांचे हाल झाले, विणायला काहीच नाही, पाठ तेवढी वर, बाकी नुसतं पाणी. शेवटी पाणतीराची (टॉर्पेडोची) रेघ काढली आणि म्हणाले, "आता कुठं चित्र झालं."

तीन मजली जहाजाच्या वेळी एक पान आलं, लढाईआधी डेकवर वाळू पसरायचे, रक्तावरून पाय घसरू नयेत म्हणून. त्या दिवशी हे डायलिसिस करून आलेले. मी ते पान वाचलंच नाही, पुढचं घेतलं.
"एक पान गाळलंस."
"कशावरून?"
"आवाजावरून."

५ फेब्रु., गुरुवार

चूक सापडली. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच मला फसवणार नाही.

सुट्टी झाल्यावर वाचनालयात गेले. गुराब विणणार आहेत, म्हणून जुनं पुस्तक पुन्हा काढलं, सहज. शिडांच्या जहाजांच्या लढाईचं प्रकरण. ज्याच्याकडून वारा येतो त्याचा फायदा, कारण तोफांचा धूर वाऱ्याबरोबर समोरच्याच्या अंगावर जातो. तो खोकत बसतो, ह्याला दिसत राहतं. हे मी ह्यांना वाचून दाखवलं होतं. आठवतं, कारण हे हसले होते.

आणि ह्यांनी धूर तसाच काढलाय. गुराबेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन तोफा, सरळ पुढं मारा करणाऱ्या, त्यांचा धूर पुढं चाललेला. शिडं पुढं फुगलेली. म्हणजे वारा मागून. अगदी बरोबर.

आणि झेंडा मागं.

एकाच जहाजावर दोन वारे. शीड एका वाऱ्यानं फुगलंय, झेंडा दुसऱ्याच वाऱ्यानं उडतोय. असं होऊच शकत नाही. जे जहाज वाराच ढकलतो त्याचा झेंडाही वारा जाईल तिकडंच, पुढं.

ह्यांनी विचारलं होतं. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं तेही मला माहीत आहे. मोर्चाच्या जीपवरचा झेंडा. फटफटीच्या हँडलला बांधलेला. आपल्याकडं झेंडा म्हटला की तो असाच, मागं.

ह्यांनी मान्य केलं, कारण वाचणारी मी.

६ फेब्रु., शुक्रवार

सकाळी आधी रशीदभाईंकडं. ते ग्राफ बघून पत्त्यांना भोकं पाडतात, त्या पत्त्यांच्या माळेवर माग चालतो. आता बहुतेक माग कॉम्प्युटरवर गेले, हा एक जुना अजून पत्त्यांचा, रशीदभाई आहेत तोवर.

काम सुरू झालेलं. ते खालून वर जातात. आधी पाणी, मग जहाजाचं पोट, तोफा, शिडं. झेंडा सगळ्यात शेवटी.

"कितने दिन लगेंगे, भाई?"
"दहा दिन, भाभी. झेंडे तक पहुँचूँगा अगले सोमवार. कायकू?"

सांगितलं. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसले. "दत्ताभाई का ग्राफ है. गलत नै होता."
"झालाय."
"मैं तो जो कागज पे है वोइच मारता. कागज बदलो, पत्ता बदलेगा. पर मेरेकू नक्को बोलो बदलने, भाभी. उनके ग्राफ को मैं हात नै लगाता."

बरोबर आहे त्यांचं. सोमवार. दहा दिवस.

७ फेब्रु., शनिवार

मालकांना सांगितलं. मालक हसले.

"वदिना, सभागृहात पंगती बसणार, वर एवढासा झेंडा. जेवायला बसलेला माणूस झेंडा बघणार का ताट?"
"सभागृह नौसैनिकांचं आहे, मालक."
"मग उलट्या बाजूनं लटकवू! मागच्या बाजूला सगळं उलटं दिसतं. झेंडा पुढं आला का नाही?"
"जहाजही उलटं जाईल ना. शिडंही. शीड-झेंड्याचं भांडण तिथंच राहील."
मालकांनी हातानं हवेत जहाज इकडून तिकडं नेऊन बघितलं, दोनदा. मग म्हणाले, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

पण त्यांची अडचण खरी आहे. गिऱ्हाइकानं ग्राफचा फोटो पसंत केलाय, झेंडा मागं असलेला. त्यांना विचारल्याशिवाय बदल नाही. बुधवारी येणार आहेत, माळशिरसचे सर्जेराव म्हणून, नौदलात तोफेवर होते. "त्यांच्यासमोर बोला. समुद्रावरचा माणूस आहे. तो हो म्हणला तर माझं काय जातंय?"

चालेल म्हटलं. मला खात्री आहे.

८ फेब्रु., रविवार

लेकीचा, शु.चा फोन. ग्राफचा फोटो तिच्या मोबाइलवर आहे, उघडला की पहिला तोच दिसतो, दोन वर्षं. नाव विणणार म्हटल्यावर रडली. मग मी झेंड्याचं सांगितलं.

"आई, बाबांच्या रेषेला हात लावायचा नाही."
"अगं पण चुकलंय."
"चुकू दे ना! ते त्यांचं शेवटचं आहे. मी बघितलंय. एकेक चौकोन भरायला किती वेळ लागायचा. आणि तू आता पुस्तक घेऊन तपासायला बसलीस?"
"चूक त्यांची नाही, शुभा. माझी आहे. त्यांनी मला विचारलं आणि मी—"
"कुणाची का असेना."

फोन ठेवला. पुण्यात भाजी चिरत असेल, सुरी जोरात आपटत असेल. लहानपणापासून तसंच करते.

दुपारी गच्चीवर जाऊन दोरीवरच्या साड्या बघितल्या. सगळ्या एकाच बाजूला. बघायची गरज नव्हती.

१० फेब्रु., मंगळवार

काम जास्त. रशीदभाई तोफांपर्यंत आले. जाता जाता म्हणाले, "भाभी, तोपें अच्छी बैठीं."

घरी येऊन मालकांनी दिलेल्या कोऱ्या कागदावर झेंडा काढून बघितला. पाटीसारखा झाला. फाडला.

११ फेब्रु., बुधवार

सर्जेराव आले. पांढरा शर्ट, पांढरी मिशी, आवाज सगळ्या मागांच्या वर. आधी ग्राफला हात जोडले, मग मला. "लई भारी काम हाय, ताई. आमी तर म्हनलं, सोलापुरात बसून गुराब काडनारा मानूस कोन?"

मालकांनी लगेच विषय काढला. मला वाटलं होतं चहा तरी होईल.

"झेंडा?" सर्जेराव म्हणाले. "झेंडा बरुबर हाय की. सोळा वर्सं पान्यावर काडली मी. जहाज निघालं की झेंडा मागंच. नाकावर वारा, झेंडा मागं. ह्येच बघत आलोय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. जिंकल्यासारखं नाही, बरं वाटल्यासारखं.

"तुमचं जहाज कशावर चालायचं?" मी विचारलं.
"इंजिनावर. पाळी लागायची धा-धा तासांची..."
"हे वाऱ्यावर चालतं."
"वाऱ्यावर असू द्या की. पुडं तर जातंय न्हवं? फटफटीवर बसल्यावर वारा तोंडावर येतो का न्हाय?"
"फटफटीला पेट्रोल ढकलतं. हिला वाराच ढकलतो. मागून. तो जेवढा ढकलेल त्याहून कमीच पळणार ती. वाऱ्याला मागं टाकून जाईल कशी? आणि मागं टाकलंच, तर शीड पुढं फुगेल का? ते मागं चिकटेल काठीला."

बोलून कळलं नाही. कारखान्यातला मोठा उभा पंखा लावायला सांगितला. टेबलावरचा टॉवेल दोन्ही हातांनी धरला, शीड म्हणून. टॉवेल फुगला. "आता झेंडा धरा." सर्जेरावांनी खिशातला रुमाल काढून टॉवेलच्या वर धरला. रुमाल टॉवेल जिकडं तिकडंच. "आता पुढं चला," मी म्हटलं. आम्ही दोघं पंख्याकडं पाठ करून चालू लागलो, मी टॉवेल घेऊन, ते रुमाल घेऊन. मागावरची माणसं बघत होती. रशीदभाई तोंडावर हात ठेवून हसत होते.

चार पावलं. रुमाल पुढंच.

सर्जेराव थांबले. रुमालाकडं बघितलं, ग्राफकडं बघितलं. "आयला," म्हणाले. मग मोठ्यानं हसले. "सोळा वर्सं! सोळा वर्सं तोफ मारली, आन् शिडाचं जहाज कधी बघितलंच न्हाय मी, ताई! कुनाला सांगू नगा, आमच्या मंडळात मी अध्यक्ष हाय."

चहा आला. मग सर्जेराव हळू आवाजात बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे तेव्हा कळलं. "मालक म्हनले, दादांचं ह्ये अखेरचं काम. मग ऱ्हाऊ द्या की तसंच. आमचे सगळे इंजिनावरचेच. कुनाला कळनार न्हाय. मी न्हाय सांगत."

चांगल्या मनानं म्हणाले. म्हणूनच अवघड.

म्हटलं, "ह्यांनी मला विचारलं होतं झेंडा कुणीकडं. मी पाणी भरत होते. न बघता सांगितलं. चूक माझी आहे आणि कोपऱ्यात नाव त्यांचं येणार आहे. माझ्या चुकीवर त्यांचं नाव नको."

सर्जेराव मालकांना म्हणाले, "ताई म्हनतील तसं."

मालक म्हणाले, "पण काढणार कोण?"

"मी."

१२ फेब्रु., गुरुवार

शु.ला कळवलं. आधीपासून तयार होती.

"ठीक आहे. तुझं बरोबर असेल. तुझं नेहमी बरोबर असतं. मग नाव काढ."
"म्हणजे?"
"दुरुस्त केलंस तर ते बाबांचं नाही राहत. बाबांचं हवं असेल तर जसं आहे तसं. बरोबर हवं असेल तर बिननावाचं. दोन्ही नाही मिळणार, आई."

तिचं म्हणणं खोटं नाही. सगळं जहाज त्यांचं, झेंडा माझा, आणि कोपऱ्यात नाव एकट्याचं. पाहणाऱ्याला कसं कळणार? पण नाव काढायचं म्हणजे तीस वर्षांनी आलेलं नाव माझ्याच हातानं खोडायचं. चुकीसकट ठेवायचं म्हणजे रोज कुणीतरी जाणता येईल ह्याची वाट बघायची. एक जरी आला, तरी हसणार ह्यांना.

लढाईत झेंडा उतरवला म्हणजे शरण आलो. इतकं महत्त्वाचं होतं ते फडकं. तुटून पडला तर वर चढून पुन्हा लावायचे, गोळे येत असताना.

१३ फेब्रु., शुक्रवार

तीन कागद वाया. सुट्टीत चौथा रशीदभाईंना दाखवला.

"भाभी, ये झेंडा है के पत्रा?"
"झेंडा."
"कपडा नै दिखता. दत्ताभाई का देखो." ह्यांच्या झेंड्यावर बोट ठेवलं, कागदाला न टेकवता. "इधर एक घर, इधर दो, फिर एक. सीधी लैन कहीं नै. कपडे में सीधी लैन नै होती. तुम तो रोज कडा मारते, तुमकू मालूम."

मालूम. खरंच. आयुष्यभर सरळ कड मारत आले, म्हणून सरळच काढत होते. कड सरळ करावी लागते, कारण कापड सरळ नसतं.

अजून एक अडचण. झेंडा पुढं आला की पुढच्या डोलकाठीचं टोक आड येतं. ह्यांचा होता तेवढा लांब बसत नाही. सहा घरं कमी करावी लागली. दोन टोकं, मधली खाच, तीही लहान. रंग तोच भगवा, ह्यांच्या पेटीतला. नळी वाळलेली, कापावी लागली.

रशीदभाई शिडांपर्यंत आलेत.

१४ फेब्रु., शनिवार

झेंडा झाला. ह्यांच्यासारखा नाही. ह्यांच्या चौकोनांच्या कडा कशा बारीक, माझे जरा फुगलेले. पण कापड आहे.

मूळ कागद खोडायचा नाही असं ठरलं. माझा तुकडा वरून चिकटवायचा. रशीदभाई म्हणाले, खळ नको, किडे लागतात, गोंद घ्या. गोंद आणला. चिकटवला नाही अजून. आधी शु.शी बोलायचं.

फोन उचलला नाही. दोनदा.

१५ फेब्रु., रविवार, शिवरात्र

उपवास. साबुदाणा, रताळं. सिद्धेश्वराला लांबूनच नमस्कार, गर्दीत जाववत नाही आता.

पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील ह्यांना जाऊन. लोक म्हणतात दोन वर्षांनी सोपं जातं. सोपं नाही, सवयीचं जातं. पाणी येतं त्या दिवशी अजून मी खाटेकडं बघून विचारते, बंद करू का नळ. मग बंद करते.

दिवसभर शु.चं म्हणणं डोक्यात. बाबांचं की बरोबर. ती दोन वेगळी धरते. मी ह्यांना आणि 'बरोबर'ला वेगळं कधी बघितलंच नाही. एकदा एका चादरीच्या नक्षीत एक घर चुकलं होतं. मालक म्हणाले, माल जाऊ दे, कुणाला कळतंय. हे जेवायला आले नाहीत, ग्राफ नवा करून मगच आले. ज्यांनी असं केलं त्यांना विचारलं असतं, तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. शु.लाही माहीत आहे. तिला ते ऐकायचं नाही, एवढंच. मलाही सगळं ऐकायचं नसतं.

आणि त्यांनी एकट्यानं कधी काढलं? पहिल्या वल्ह्यांच्या जहाजापासून मी वाचत आले, ते काढत आले. तेव्हा नाव कुणाचं हा प्रश्न आला नाही. तेव्हा काही चुकलं की म्हणायचे, "वाच परत," आणि खोडरबर घ्यायचे. ह्या वेळी वाचायला दोन वर्षं लागली.

नाव राहील. झेंडा बदलेल. शु.ला राग आला तर येऊ दे. येऊन भांडू दे. भांडायला आली तर बरंच.

तिला लिहून पाठवलं, एवढंच: "नाव ठेवतेय, झेंडा बदलतेय. बाबांचा झेंडा खाली तसाच आहे, खोडलेला नाही." बघितलं तिनं. उत्तर नाही.

१७ फेब्रु., मंगळवार

शु.चं उत्तर अजून नाही. सर्जेरावांचा मालकांना फोन आला म्हणे, मंडळात एका म्हाताऱ्या बोसननं (जहाजावरचा मुकादम) शंका काढली की मग चौथ्या चित्रातली पाणबुडी वर असताना तिच्यावर झेंडा का नाही. मालक म्हणाले, "वदिना, ते आता तुमचं डिपार्टमेंट." बघते. वाचावं लागेल.

काल सकाळी लवकर कारखान्यात गेले. ग्राफ टेबलावर पसरला, तुकड्याला मागून गोंद लावला, शिडाच्या वर बसवला, कोपरे अंगठ्यानं दाबले. सुकेपर्यंत रशीदभाईंनी चहा मागवला. मग ते पंचिंगला बसले आणि मी शेजारी स्टूल घेऊन. झेंड्याच्या ओळी मी वरून खाली नाही, खालून वर वाचल्या, त्यांना लागतात तशा. कुठली घरं भगवी, कुठली रिकामी. ते भोकं पाडत गेले. दोनदा म्हणाले, "फिर से बोलो," दोनदा परत वाचलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत झेंडा झाला, त्यानंतर वरच्या कोपऱ्यातलं नाव. मग पत्त्यांच्या माळेचा फोटो काढून शु.ला पाठवला, आणि टॉवेल घेऊन शिलाईला बसले.